यानिसला सोडा, पण टाऊन्सच्या बदल्यात नको

सोलापुरात बास्केटबॉल पाहणारी मंडळी फार नाहीत, पण जी आहेत ती पहाटे उठून पाहणारी आहेत. अमेरिकेतल्या एनबीए या लीगचे सामने आपल्याकडे सकाळी सुरू होतात, त्यामुळे कोर्टावर सरावाला येणारी पोरं निकाल खिशात घेऊनच येतात. सध्या त्यांच्यात आणि आमच्यासारख्या जुन्या खेळाडूंत एकच वाद रंगला आहे. मिलवॉकी बक्सने यानिस अँटेटोकुन्पोला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवावं आणि बदल्यात कार्ल-अँथनी टाऊन्स घ्यावा, हा सौदा दोन्ही संघांच्या हिताचा आहे का? हा प्रस्ताव कोणत्या संघाने अधिकृतपणे मांडलेला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापासून यानिस मिलवॉकी सोडणार अशी चर्चा आहे, त्यात न्यूयॉर्कचं नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि दोघांचेही पगार वर्षाला पाच कोटी डॉलरच्या थोडे वर असल्यामुळे कागदावर हा सौदा चटकन जुळतो. चाहत्यांनी तो मांडणं स्वाभाविक आहे. मला खटकते ती तो तोलण्याची पद्धत. एक गट म्हणतो, मोठा खेळाडू ज्याच्याकडे गेला तो जिंकला, विषय संपला. दुसरा म्हणतो, ज्याने पन्नास वर्षांनी विजेतेपद आणून दिलं त्याला विकायची भाषा करताच कशी? तिसरा गट मोबाइल काढून दोघांच्या सरासऱ्या वाचून दाखवतो. तिघांपैकी कुणीही खरा प्रश्न विचारत नाही.

माझं मत आधीच सांगतो. मिलवॉकीने यानिसला आता सोडावं, त्यात त्यांचंही भलं आहे आणि त्याला घेणाऱ्याचंही. पण टाऊन्सच्या बदल्यात सोडण्यात भलं आहे ते एकट्या न्यूयॉर्कचं. 'सोडावं का' आणि 'कशाच्या बदल्यात सोडावं' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि ते एकत्र कालवल्यामुळेच हा वाद पुढे सरकत नाही.

कोर्टाशेजारच्या खोलीत एक फळा आहे. त्यावर पोरांनी खडूने दोन रकाने आखले होते. डावीकडे यानिस, उजवीकडे टाऊन्स. खाली गुण, रिबाउंड, असिस्ट, वय, पगार. २०२४-२५ च्या हंगामात यानिसचे सरासरी गुण ३०.४, टाऊन्सचे २४.४. रिबाउंडमध्ये टाऊन्स थोडा पुढे, वयात वर्षभराने लहान. पोरांनी मेहनतीने आणि प्रामाणिकपणे केलेलं काम होतं. पण त्या फळ्यावर मिलवॉकी कुठेच नव्हती. तिच्याकडे पुढच्या वर्षांतल्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, कोणत्या संधी शिल्लक आहेत, यानिसचा करार कधी संपतो, संघात बाकी कोण आहे, यातलं काहीही नव्हतं. दोन खेळाडूंची तुलना झाली होती, दोन संघांची झालीच नव्हती. आणि सौदा संघ करतात.

ही सवय आपल्याला क्रिकेटने लावली असं मला वाटतं. आयपीएलमध्ये खेळाडूंची अदलाबदल आता सरावाची झाली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानला, तेव्हा सोलापूरभर लोकांनी धावा आणि बळी मोजले, आणि तिथे ते बऱ्याच अंशी बरोबरही होतं. कारण आयपीएलमध्ये विकायला 'भविष्य' नावाची वस्तूच नाही. दर काही वर्षांनी मोठा लिलाव येतो, संघ मोडतात, नव्याने बांधले जातात. पाच वर्षांनंतरच्या लिलावातला आपला हक्क आज कुणाला देता येत नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये तो देता येतो. तिथे दरवर्षी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, हरणाऱ्या संघांना साधारणपणे आधी निवडायला मिळतं, आणि 'पिक' म्हणतात तो निवडीचा हक्क सहा-सात वर्षं आधीच दुसऱ्याला देता येतो. दोन संघांनी एकाच वर्षीच्या निवडी आपसात बदलायचा हक्कही विकता येतो. म्हणजे तिथला सौदा आजचा खेळाडू आणि उद्याचा हक्क यांच्यात होतो. आणि 'आज'ची किंमत प्रत्येक संघाला वेगळी असते.

किंमत वेगळी कशी, हे सोलापूरकराला वेगळं समजवायला नको. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या मोसमात शेतकरी मिळेल त्या भावाला माल देतो, तेव्हा तो फसलेलाच असतो असं नाही. भिजलेला कांदा त्याच्याकडे आठवडाभरही टिकणार नाही, घेणाऱ्याचा ट्रक मात्र आज रात्री निघणार असतो. कांदा तोच असतो, पण दोघांच्या हातात त्याचं मोल वेगळं असतं, म्हणूनच व्यवहार होतो. यानिसच्या कराराचं तसंच आहे. २०२७-२८ चं शेवटचं वर्ष खेळायचं की नाही हे त्याच्या हातात आहे, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकतो. मोकळा होऊन गेला, तर मिलवॉकीच्या हाती काहीही येणार नाही. १९९६ मध्ये शकील ओनील ऑर्लँडो सोडून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा ऑर्लँडोला बदल्यात एक खेळाडू मिळाला नाही की एक पिक मिळाली नाही. म्हणून 'यानिस की बदल्यात मिळणारा माल' अशी तुलना करणं चूक आहे. एका पारड्यात आहे यानिसची उरलेली थोडी वर्षं आणि त्यानंतरचं शून्य. दुसऱ्यात आहे बदल्यात मिळणारा माल.

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यात दम आहे. पहिला मुद्दा सगळ्यांत जुना: बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात, त्यामुळे एक महान खेळाडू तीन चांगल्या खेळाडूंपेक्षा मोठा ठरतो. इतिहास याच्या बाजूने आहे. १९५६ मध्ये सेंट लुईस हॉक्सने बिल रसेलचे हक्क बॉस्टनला दिले आणि एड मॅकॉली व क्लिफ हेगन घेतले. रसेलने बॉस्टनला तेरा हंगामांत ११ विजेतेपदं दिली. हॉक्सनेही १९५८ मध्ये बॉस्टनलाच हरवून एक विजेतेपद मिळवलं, हे फारसं कुणाला आठवत नाही, पण अकराला एक हा हिशेब बरोबरीचा नाही. हे मी मान्य करतो. थोर खेळाडू देणारा संघ त्या खेळाडूइतकं परत मिळवत नाही, जवळजवळ कधीच नाही.

पण त्यावरून देणाऱ्याने द्यायचंच नाही असा निष्कर्ष निघतो का? खुद्द मिलवॉकीने याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. १९७१ मध्ये त्या शहराला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा करीम अब्दुल-जब्बार, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याने पुढे स्पष्ट सांगितलं की मला इथून जायचं आहे, न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला. १९७५ च्या जूनमध्ये मिलवॉकीने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवलं. बदल्यात आले एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधले दोन नवखे, डेव्ह मायर्स आणि ज्युनियर ब्रिजमन. करीमने लेकर्सकडून पाच विजेतेपदं जिंकली. एवढंच पाहिलं तर मिलवॉकी लुटली गेली. पण पुढे काय झालं तेही पाहा. विंटर्स आणि ब्रिजमन संघाचे आधारस्तंभ झाले, दोघांच्याही जर्सीचे क्रमांक संघाने कायमचे राखून ठेवले. नंतरच्या ड्राफ्टमध्ये मार्क्स जॉन्सन आणि सिडनी मॉन्क्रीफ आले, आणि १९८० ते १९८६ अशी सलग सात वर्षं मिलवॉकी आपल्या गटात पहिली आली. विजेतेपद नाही मिळालं, ते थेट २०२१ मध्ये मिळालं, आणि ही उणीव मी लपवत नाही. पण ज्या शहरातून करीम जाणारच होता, त्या शहराला पुढचं दशकभर पाहण्यासारखा संघ मिळाला. ब्रिजमन तर खेळ संपल्यावर मोठा उद्योजक झाला आणि २०२४ मध्ये त्याने याच संघात भागीदारी घेतली. २०२५ मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा तो मालकांपैकी एक होता. करीमच्या बदल्यात आलेला एक नवखा पोरगा! मिलवॉकीच्या आजच्या चाहत्यांनी १९७५ चं नाव घेऊन घाबरण्याऐवजी ते वर्ष नीट वाचावं.

दोन्हीकडे भलं होणारे सौदे दुर्मीळ आहेत हा समजही तसाच खोटा आहे. २००८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसने पाऊ गॅसोल लेकर्सला दिला, तेव्हा त्या संघाची सगळीकडे थट्टा झाली. मिळालं काय, तर क्वामे ब्राऊन! मथळ्यात नावं तेवढीच होती. तळटीपेत होते पाऊच्या धाकट्या भावाचे, मार्क गॅसोलचे हक्क, जो तेव्हा स्पेनमध्ये खेळत होता आणि ड्राफ्टमध्ये ४८ वा निवडला गेला होता. लेकर्सने २००९ आणि २०१० ची विजेतेपदं घेतली. मार्क २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेम्फिस पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचलं. २०२२ च्या फेब्रुवारीत इंडियानाने डोमंटास सबोनिस दिला आणि सॅक्रामेंटोने टायरीस हॅलिबर्टन. पुढच्याच वर्षी सॅक्रामेंटोचा सोळा हंगामांचा प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, दुष्काळ संपला, आणि २०२५ मध्ये इंडियाना अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलं. यात जिंकलं कोण? पोरं अजून भांडतात. मला तर प्रश्नच चुकीचा वाटतो. एकाला तेव्हाच्या तेव्हा उभा राहणारा संघ हवा होता, दुसऱ्याला पुढच्या दहा वर्षांचा सूत्रधार हवा होता. दोघांना हवं ते मिळालं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे, आणि तो आमच्या कोर्टावरच्या एका कॉलेजच्या मुलाने मांडला याचं मला कौतुक वाटलं. तो म्हणाला, "सर, मिलवॉकीने यानिस देऊन तरुण पोरं घेतली आणि संघ हरत राहिला, तर त्या हरण्याचा फायदा कुणाला? त्यांच्या पिक तर त्यांच्याकडे नाहीतच. मग हरायचं कशाला? टाऊन्स घ्या, निदान जिंकत तरी राहाल." अगदी बिनतोड माहिती आहे. २०२० मध्ये ज्रू हॉलिडेला आणताना मिलवॉकीने न्यू ऑर्लिन्सला २०२५ आणि २०२७ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, शिवाय २०२४ आणि २०२६ च्या निवडी बदलून घ्यायचा हक्क दिला. २०२३ मध्ये डेमियन लिलार्डला आणताना पोर्टलंडला २०२९ ची निवड आणि २०२८ व २०३० चे बदलीचे हक्क दिले. म्हणजे या दशकातली मिलवॉकीची स्वतःची हार बहुतेक दुसऱ्यांच्या पदरात पडणार आहे. पहिल्या सौद्याने २०२१ चं विजेतेपद दिलं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याने प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीतल्या दोन पराभवांपलीकडे काही दिलं नाही. २०२५ च्या प्लेऑफमध्ये लिलार्डच्या पायाचा स्नायुबंध तुटला, संघाने त्याला मोकळं केलं आणि कराराची उरलेली ११ कोटी डॉलरहून मोठी रक्कम पाच वर्षांवर पसरवली. म्हणजे खेळत नसलेल्या माणसाच्या नावावर दरवर्षी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम २०३० पर्यंत मिलवॉकीच्या हिशेबात दिसत राहणार.

त्या मुलाची माहिती बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा. आपल्या पिक गेल्या आहेत म्हणूनच तर दुसऱ्यांच्या पिक घ्यायच्या! त्यासाठी स्वतः हरावं लागत नाही, दुसरा हरला की पुरतं. बॉस्टनने हे करून दाखवलं आहे. २०१३ मध्ये त्यांनी ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पियर्स ब्रूकलिनला दिले आणि बदल्यात ब्रूकलिनच्या २०१४, २०१६ आणि २०१८ च्या निवडी घेतल्या, वर २०१७ ची बदलून घ्यायचा हक्क. पियर्स म्हणजे बॉस्टनच्या काळजाचा तुकडा होता, २००८ चं विजेतेपद याच दोघांनी आणलं होतं. २०१६-१७ च्या हंगामात बॉस्टनने स्वतः ५३ सामने जिंकले, पूर्व विभागात पहिलं स्थान घेतलं, आणि त्याच वर्षी ब्रूकलिनच्या पराभवांमुळे ड्राफ्टमधली पहिली निवडही त्यांच्याकडे आली! त्यांनी ती फिलाडेल्फियाला देऊन तिसरी निवड घेतली आणि जेसन टेटम निवडला. आदल्या वर्षीच्या ब्रूकलिनच्या निवडीतून जेलन ब्राऊन आला होता. २०२४ चं विजेतेपद या दोघांच्या खांद्यावर उभं होतं. हरून तळ गाठणं हा नव्याने उभं राहण्याचा एकच रस्ता आहे असं कुणी सांगितलं?

ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण त्याच वाटेवरचं आहे. २०१९ मध्ये त्यांनी पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला आणि घेतला फक्त एक हंगाम खेळलेला शे गिल्जस-अलेक्झांडर, सोबत पहिल्या फेरीच्या पाच निवडी. क्लिपर्सच्या एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये हा संघ विजेता झाला. आणि त्या दिवशी क्लिपर्स मूर्ख होते का? अजिबात नाही. पॉल जॉर्ज आला तर कवाय लेनर्डही येणार होता आणि दोघं मिळून विजेतेपदाचे दावेदार ठरत होते. त्यांनी विचार करून डाव टाकला, दुखापतींनी तो उधळला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण आमच्या वादात ती रोज विसरली जाते. सौदा शहाणपणाचा होता की नाही, हे त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर ठरवायचं. २०१९ च्या मे महिन्यात टोरंटोकडून खेळणाऱ्या लेनर्डने फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू रिंगच्या कडेवर चार वेळा आपटून आत पडला, आणि टोरंटो पुढे जाऊन विजेतं झालं. तो चेंडू बाहेर पडला असता तर डिमार डिरोझनसारखा जिवाभावाचा खेळाडू देऊन लेनर्डला आणणं चुकीचं ठरलं असतं का? चार टप्प्यांवर एखाद्या व्यवस्थापनाचं शहाणपण ठरत नाही. उलट बाजूने डॅलसचं पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला, ज्याने आदल्याच वर्षी त्यांना अंतिम मालिकेत नेलं होतं. बदल्यात मुख्यतः ३१ वर्षांचा, वारंवार जायबंदी होणारा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीची फक्त एक निवड. तीन महिन्यांनी ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर डॅलसला पहिली निवड लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला. तेव्हा काहींनी 'बघा, भलंच झालं' म्हणायला सुरुवात केली. लॉटरी लागली म्हणून घर विकण्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. हा सौदा करणाऱ्या निको हॅरिसन यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात पदावरून जावं लागलं.

डॅलसची आठवण मी मुद्दाम काढतो आहे, कारण टाऊन्सचा प्रस्ताव बॉस्टनच्या नव्हे, डॅलसच्या वळणाचा आहे. मोठ्या ताऱ्याच्या जागी तितक्याच पगाराचा, थोडा लहान तारा. वयाचा फरक इथे तसा नाही, यानिस ३१ आणि टाऊन्स ३०, हे मान्य. पण मूळ चूक तीच आहे: संघ जिथे होता तिथेच राहतो आणि एक पायरी खाली उतरतो. मिलवॉकी २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं यानिस संघात असताना प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरली आहे. यानिसच्या जागी टाऊन्स ठेवून ती कुठे पोहोचणार? आणि तीन वर्षांनी टाऊन्स ३३ चा होईल तेव्हा हातात काय असेल? ना स्वतःच्या पिक, ना दुसऱ्याच्या.

खेळाच्या अंगानेही हे जुळत नाही, आणि हे मी फळ्यासमोर उभं राहून नाही, कोर्टावर पोरांना उभं करून दाखवलं. गेली कित्येक वर्षं मिलवॉकीचा संघ एकाच आकृतीत बांधला आहे. चौघं तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरून उभे, आणि यानिस चेंडू घेऊन मधल्या मोकळ्या जागेतून बास्केटकडे घुसणार. त्याला अडवायला दोघं-तिघं आत सरकले की बाहेरचा एक जण मोकळा. २०२५ मध्ये मायल्स टर्नरला आणलं तेही यासाठीच, उंच असून बाहेरून फेकणारा. आता यानिसला काढा आणि टाऊन्सला घाला. टाऊन्स हा इतक्या उंचीच्या खेळाडूंतला बाहेरून सर्वांत चांगला फेकणाऱ्यांपैकी एक आहे, आत पाठ लावूनही तो खेळतो, पण बचाव फोडत घुसणं हे त्याचं रोजचं काम नाही. न्यूयॉर्कमध्ये ते काम जेलन ब्रन्सन करतो, म्हणून तिथे टाऊन्स शोभतो. मिलवॉकीत ते कोण करणार? आमच्या पोरांना त्या जागांवर उभं केलं तर पाचही जण रेषेवर आणि आत कुणी नाही. आठवी-नववीच्या मुलांनाही लगेच कळलं की बचाव करणाऱ्यांना हलायचीच गरज उरत नाही.

उलट न्यूयॉर्कला यानिस का हवा असेल हे स्पष्ट आहे. २०२५ मध्ये ते पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत गेले. त्यांना 'आज' हवा आहे, आणि आजसाठी यानिसइतका मोठा माणूस नाही. त्यांच्या बाजूने हा सौदा पूर्ण शहाणपणाचा आहे. पण तो मिलवॉकीलाही परवडेल असं काही त्यांच्याकडे जवळपास नाही. २०२४ मध्ये मिकल ब्रिजेससाठी त्यांनी ब्रूकलिनला २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ च्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन टाकल्या. मधल्या वर्षांच्या द्याव्यात, तर लीगचा नियम आडवा येतो. पुढची सलग दोन वर्षं पहिल्या फेरीच्या निवडीविना राहता येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या टेड स्टेपियन या मालकाने पिक उधळून संघ रसातळाला नेला, तेव्हापासूनचा तो नियम आहे आणि त्याचं नावच नियमाला चिकटलं आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या टेबलावर टाऊन्स आहे, आणि त्यापलीकडे फार काही नाही.

निष्ठेच्या मुद्द्याला मी शेवटचा ठेवला, तो हलका आहे म्हणून नव्हे. २० जुलै २०२१ ला फिनिक्सविरुद्ध सहाव्या सामन्यात यानिसने ५० गुण केले, १४ रिबाउंड घेतले, पाच फटके अडवले. वर्षानुवर्षं ज्याच्या फ्री थ्रोची थट्टा व्हायची त्याने त्या रात्री १९ पैकी १७ टाकले. त्याआधी २०२० मध्ये, पुढच्या वर्षी मोकळं होऊन जाता आलं असतं तरी, त्याने या लहान शहराशी मोठा करार केला होता. असा माणूस विकायचा, हे ज्याला टोचत नाही त्याने खेळ पाहिलेलाच नाही असं मी म्हणेन. पण निष्ठा म्हणजे काय? ३१ वर्षांच्या माणसाची उरलेली चांगली वर्षं पहिल्या फेरीत हरण्यात घालवणं ही त्याच्याशी निष्ठा नव्हे. आपल्याकडे २०२३ च्या शेवटी हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत आला, तेव्हा वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली आणि मुंबई त्या हंगामात तळाला गेली. लोकांचा राग रोहित शर्माचं कर्णधारपद ज्या पद्धतीने गेलं त्यावर होता. माणसं सौद्याने दुखावतात त्याहून जास्त तो लपूनछपून केल्याने दुखावतात. डॅलसनेही बाकी कुणाला विचारलं नाही, एका संघाशी गुपचूप बोलून सौदा उरकला. मिलवॉकीने यानिसशी समोरासमोर बोलून, त्याला मान्य असलेल्या चार-पाच संघांना उघडपणे बोली लावायला सांगितली, तर त्यात त्याचाही मान राहतो आणि भावही चढतो.

घाई कशाला, आणखी एक वर्ष थांबू, असंही काही जण म्हणतात. पण करार जितका संपत येतो तितका घेणारा हात आखडतो. एका वर्षासाठी पाच निवडी कुणी देत नाही, दोन वर्षांसाठी देऊ शकतो.

मग न्यूयॉर्कचा रस्ता बंदच आहे का? नाही, फक्त दोन संघांत तो जुळत नाही. ज्या तिसऱ्या संघाला अनुभवी उंच खेळाडू हवा आहे आणि ज्याच्याकडे तरुण खेळाडू व पिक शिल्लक आहेत, त्याने टाऊन्स घ्यावा, त्याची तरुण पोरं आणि पिक मिलवॉकीला जाव्यात, यानिस न्यूयॉर्कला जावा. पगार जुळवायला हे अवघड आहे, कारण लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारानंतर पगाराच्या ठरावीक मर्यादेच्या वर गेलेल्या संघाला पाठवतो त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, पण तीन-चार संघांचे सौदे आता नवलाईचे राहिलेले नाहीत. आणि मिलवॉकीच्या जागी मी असतो तर पहिला फोन न्यूयॉर्कला केला नसता, पोर्टलंडला केला असता. २०२८, २०२९, २०३० या तीन वर्षांच्या मिलवॉकीच्या किल्ल्या पोर्टलंडच्या खिशात आहेत. यानिसच्या सौद्यात पोर्टलंडला तिसरा किंवा चौथा भागीदार करून त्या परत मिळाल्या, तर हरलेल्या प्रत्येक सामन्याचा मोबदला मिलवॉकीला मिळेल, आणि आमच्या त्या कॉलेजच्या मुलाचा आक्षेपही उरणार नाही. यानिसच्या बदल्यात मागायची पहिली गोष्ट ही आहे, टाऊन्सचं नाव त्यानंतर.